विश्लेषण : कापलेला चित्रपट, कापलेली पत्रे… मूकपटांचे पटकथाकार आणि समीक्षक विली हास आज का आठवावेत?

ऑगस्ट २०२५मध्ये 'रांझणा' या २०१३च्या चित्रपटाची तमिळ आवृत्ती पुन्हा प्रदर्शित झाली, तेव्हा तिचा शेवट बदललेला होता. मूळ चित्रपटात मरणारा नायक कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने जिवंत करण्यात आला होता. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि अभिनेता धनुष यांनी जाहीर निषेध केला. चित्रपटाचे हक्क असलेल्या कंपनीने कायदेशीर हक्कांकडे बोट दाखवले. तंत्रज्ञान नवे असल्याने वादही नवा वाटला. प्रत्यक्षात असे प्रकार शंभर वर्षांपूर्वी, मूकपटांच्या काळातही झाले होते. तेव्हा एका जर्मन चित्रपटातला खुनी देश बदलताच बदलला होता. त्या चित्रपटाची पटकथा लिहिणारे विली हास हे बर्लिनमधील नावाजलेले चित्रपट समीक्षकही होते. पुढे नाझींपासून जीव वाचवत ते मुंबईत आले आणि इथल्या चित्रपटांसाठी लिहू लागले. त्यांची कारकीर्द समजून घेतली, तर आजच्या वादात नेमके काय पणाला लागले आहे, ते स्पष्ट दिसते.

विली हास कोण होते?

विली हास यांचा जन्म ७ जून १८९१ रोजी प्रागमध्ये, जर्मन बोलणाऱ्या ज्यू कुटुंबात झाला. फ्रान्झ काफ्का, माक्स ब्रोड, फ्रान्झ वेर्फेल हे लेखक ज्या वर्तुळात वावरत होते, त्याच वर्तुळातले हे तरुण. विशीत असतानाच, १९११-१२मध्ये, त्यांनी 'हेर्डर-ब्लेटर' हे छोटे वाङ्मयीन नियतकालिक चालवले. काफ्का यांचे लेखनही त्यात छापले गेले. पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात होते. युद्ध संपले, साम्राज्य मोडले आणि हास बर्लिनला गेले.

तिथे त्यांना काम मिळाले ते 'फिल्म-कुरिअर' या वृत्तपत्रात. १९१९मध्ये सुरू झालेले हे वृत्तपत्र फक्त चित्रपट व्यवसायाला वाहिलेले होते. वाङ्मयीन वर्तुळातून आलेल्या माणसाने सिनेमाच्या व्यापारी पत्रात परीक्षणे लिहिणे, हे तेव्हा काहीसे कमीपणाचे मानले जाई. नाटकाला प्रतिष्ठा होती. सिनेमा ही संध्याकाळची स्वस्त करमणूक होती. हास यांच्यासारख्या मोजक्या समीक्षकांनी या समजाला धक्का दिला. नाटकाचे किंवा कादंबरीचे परीक्षण जितक्या गांभीर्याने लिहायचे, तितक्याच गांभीर्याने त्यांनी चित्रपटाचे परीक्षण लिहिले.

एकाच वेळी समीक्षक आणि पटकथाकार, हे कसे?

हास परीक्षणे लिहीत होते त्याच काळात पटकथाही लिहीत होते. आजच्या निकषांनी पाहिले तर हा सरळसरळ हितसंबंधांचा संघर्ष ठरेल. सकाळी ज्या दिग्दर्शकाच्या चित्रपटाचे परीक्षण छापून आले, त्याच्याच पुढच्या चित्रपटाच्या चर्चेला संध्याकाळी बसायचे, हे कोणत्याही संपादकाला अडचणीचे वाटेल. ही अडचण खरी आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही.

मात्र या दुहेरी भूमिकेला दुसरी बाजूही होती. १९२० ते १९३३ या काळातील हास यांच्या चित्रपटविषयक लेखनाचा संग्रह १९९१मध्ये जर्मनीत प्रकाशित झाला. संपादकांनी त्याला दिलेल्या शीर्षकाचा अर्थ होतो 'समीक्षक : एक सहनिर्माता'. हास यांच्या भूमिकेचे सार या शीर्षकात आहे. चित्रपट तयार झाल्यावर त्याला गुण देणारा परीक्षक, एवढेच समीक्षकाचे काम त्यांनी मानले नाही. सिनेमा तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांचा होता. कॅमेऱ्याने काय सांगता येते, कशाला शब्द लागतात, नटाचा चेहरा किती वेळ पडद्यावर ठेवायचा, याचे नियम अजून घडत होते. अशा वेळी आज लिहिलेले परीक्षण उद्याच्या चित्रपटावर परिणाम करत असे. परीक्षण हा निर्मितीचाच एक भाग होता.

त्या काळच्या परीक्षणाची आणखी एक बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. तेव्हा चित्रपट पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. चित्रपटगृहातून उतरला की तो बहुतेकांसाठी कायमचा गेला. प्रिंट झिजत, जळत, वितळवून त्यातली चांदी काढली जाई. मागे राहत असे ते छापील परीक्षण. त्यामुळे तेव्हाचा समीक्षक नकळत नोंदणी-कारकुनाचेही काम करत होता. पडद्यावर काय होते, कोणत्या क्रमाने होते, प्रेक्षक कुठे हसले, याची ती साक्ष होती. हास यांच्याच चित्रपटाच्या बाबतीत पुढे अशा साक्षीचे महत्त्व सिद्ध झाले.

मूकपटात संवादच नाहीत, मग पटकथेत काय असायचे?

मूकपटाचा लेखक म्हणजे पडद्यावर मधूनमधून येणाऱ्या मजकुराच्या पाट्या लिहिणारा, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. पाट्या हा पटकथेचा सर्वांत लहान भाग होता. प्रसंगांचा क्रम, एका प्रसंगातून दुसऱ्यात जाण्याचे कारण, पात्राच्या मनातली गोष्ट दिसेल अशी कृती, वस्तू किंवा जागा शोधणे, हे लेखकाचे मुख्य काम होते. भूक लागली आहे असे पात्राला म्हणता येत नसेल, तर भूक दाखवायची कशी? जर्मन मूकपटांनी या प्रश्नाची फार प्रभावी उत्तरे शोधली. कार्ल मायर यांनी लिहिलेल्या आणि एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांनी दिग्दर्शित केलेल्या 'डेर लेट्स्टे मान' (१९२४) या चित्रपटात तर पाट्या जवळपास नाहीतच.

मुर्नाऊ यांच्याच 'डेर ब्रेनेंडे आकर' (१९२२) या चित्रपटाच्या लेखकांमध्ये हास होते. त्यांच्यासोबत आर्थर रोझेन आणि थेआ फॉन हार्बू ही नावे आहेत. हार्बू हे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. 'मेट्रोपोलिस'च्या या लेखिकेने पुढे, दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांच्याशी घटस्फोट झाल्यावर, बेळगावकडच्या आयी तेंडुलकर या पत्रकाराशी विवाह केला. एका चित्रपटाच्या श्रेयनामावलीत शेजारी असलेल्या या दोघांचे मार्ग दहा वर्षांत किती वेगळे झाले, हेही पाहण्यासारखे आहे. हार्बू नाझी राजवटीतही जर्मनीतच राहिल्या आणि चित्रपट लिहीत राहिल्या. हास यांना देश सोडावा लागला.

'आनंद हरवलेली गल्ली' हा चित्रपट काय होता?

हास यांची सर्वांत महत्त्वाची पटकथा म्हणजे 'डी फ्रॉयडलोजे गासे'. शब्दशः अर्थ, आनंद हरवलेली गल्ली. दिग्दर्शक जी. डब्ल्यू. पाब्स्ट. मे १९२५मध्ये तो बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला. व्हिएन्नाचे लेखक ह्युगो बेटाउअर यांच्या कादंबरीवर तो बेतलेला होता. चित्रपट पडद्यावर येण्याच्या दोनच महिने आधी, मार्च १९२५मध्ये, एका नाझी समर्थक तरुणाने बेटाउअर यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला.

कथा पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हिएन्नातली आहे. चलनाची किंमत रोज घसरते आहे. एका गल्लीत खाटकाचे दुकान आहे आणि त्याच्या दारात बायकांची रात्रभर रांग लागते. मांस कोणाला द्यायचे, कोणाला नाही, हे खाटीक ठरवतो. पैशाला किंमत उरलेली नसल्याने तो वेगळी किंमत मागतो. गल्लीत दोन तरुणी आहेत. ग्रेटा गार्बो यांनी साकारलेल्या मुलीचे वडील निवृत्त सरकारी अधिकारी. निवृत्तिवेतनाची रक्कम एकरकमी घेऊन ते शेअर बाजारात गुंतवतात आणि सारे गमावतात. दुसरी, आस्ता नील्सन यांनी साकारलेली मुलगी, प्रेमातल्या फसवणुकीने आणि गरिबीने खचून खून करते. तिकडे उच्चभ्रू हॉटेलात सट्टेबाज मेजवान्या झोडत असतात.

बेटाउअर यांच्या कादंबरीत खुनाच्या रहस्याला मोठी जागा होती. पटकथेत वजन गल्लीकडे सरकले. रांग, दुकानाचे दार, खाटकाचा कुत्रा, थंडीत उभ्या बायका यांच्यातून अर्थव्यवस्था दिसू लागली. महागाईचा आकडा पडद्यावर लिहून दाखवण्यापेक्षा रांगेत चक्कर येऊन पडणारी मुलगी दाखवणे, हा लेखकाचा निर्णय असतो. पाब्स्ट यांच्या वास्तववादाची स्तुती करताना हा निर्णय कागदावर आधी कोणीतरी घेतला होता, हे सोयीस्करपणे विसरले जाते. चित्रपट इतिहासात तो 'पाब्स्टचा चित्रपट' आहे किंवा 'हॉलीवूडला जाण्याआधीचा गार्बोचा चित्रपट' आहे. हास यांचे नाव तळटीपेत आहे.

खुनी कसा बदलला?

हा चित्रपट जिथे जिथे गेला, तिथे त्याला कात्री लागली. ती कशी लागली याची नोंद त्या काळच्या इंग्रजी चित्रपट समीक्षकांनी करून ठेवली. चित्रपटाची लांबी सुमारे दहा हजार फूट होती. फ्रान्समध्ये त्यातले दोन हजार फूट गेले आणि गल्लीची दृश्ये उडवली गेली. मूकपटाच्या तेव्हाच्या वेगाने मोजले, तर दोन हजार फूट म्हणजे जवळपास अर्धा तास. ज्या गल्लीवरून चित्रपटाचे नाव, ती गल्लीच गायब! व्हिएन्नात खाटकाची दृश्ये काढण्यात आली. सोव्हिएत रशियात अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याचा डॉक्टर झाला आणि खून मुलीऐवजी खाटकाच्या नावावर टाकला गेला. पुढे गार्बो हॉलीवूडची तारका झाल्यावर तिच्या नावाने विकता येईल, अशा आवृत्त्या तयार झाल्या. त्यांत आस्ता नील्सन यांचे कथानक आक्रसले.

हे इतके सोपे का होते? कारण तांत्रिक आहे. बोलपटात प्रतिमेला ध्वनीची पट्टी जोडलेली असते. मधला तुकडा काढला की वाक्य तुटते, संगीत उडी मारते. मूकपटात तसे काही नव्हते. पाटी बदलली की पात्राचा व्यवसाय बदलला. दृश्यांचा क्रम बदलला की खुनाचा आरोपी बदलला. नटाच्या ओठांवरून शब्द कळत नव्हते, त्यामुळे फसवणूक उघडी पडत नव्हती. भारतातही मूकपटांच्या पाट्या एकाच वेळी अनेक भाषांत असत. ही लवचिकता व्यवसायाच्या सोयीची होती. तीच लवचिकता सेन्सॉर आणि वितरकांच्याही हाती पडली.

कृत्रिम बुद्धिमत्तेने आज नेमके हेच केले आहे. बोलपटामुळे प्रतिमा, आवाज आणि ओठांची हालचाल यांची जी गाठ बसली होती, ती सुटली आहे. आता आवाज बदलता येतो, ओठ जुळवता येतात, मेलेले पात्र उठवता येते. शंभर वर्षांनी चित्रपट पुन्हा मूकपटाइतका लवचिक झाला आहे. तेव्हा निदान कापलेली फिल्म कुठेतरी डब्यात पडून राहण्याची शक्यता होती. आज सर्व्हरवरची जुनी फाइल बदलून तिथे नवी फाइल ठेवली, तर प्रेक्षकाला फरक कळण्याचा मार्गच उरत नाही.

मग मूळ चित्रपट परत कसा मिळाला?

वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे भाग कापले गेले, हाच शेवटी फायद्याचा मुद्दा ठरला. फ्रान्समध्ये जे गेले, ते दुसरीकडे राहिले होते. म्युनिकच्या चित्रपट संग्रहालयाने निरनिराळ्या देशांच्या संग्रहांतील प्रिंट एकत्र करून १९८० आणि १९९०च्या दशकांत या चित्रपटाची पुनर्रचना केली. आज तो सुमारे अडीच तासांच्या रूपात पाहता येतो. गल्ली परत आली, खाटीक परत आला, नील्सन यांची कथा परत आली.

अशा कामात कोणता तुकडा कुठे जोडायचा, हे फिल्मकडे पाहून ठरत नाही. त्यासाठी कागद लागतो. पटकथा, सेन्सॉरकडे दाखल केलेली पाट्यांची यादी, प्रदर्शनाच्या वेळची परीक्षणे, असा सारा पुरावा लागतो. पटकथाकाराने आधी लिहिलेले आणि समीक्षकाने नंतर लिहिलेले, या दोन कागदांच्या मध्ये चित्रपट सुरक्षित राहतो. हास ही दोन्ही कामे करत होते.

बर्लिनहून मुंबईला का यावे लागले?

१९२५च्या ऑक्टोबरमध्ये प्रकाशक एर्न्स्ट रोव्होल्ट यांच्यासोबत हास यांनी 'डी लिटरारिशे वेल्ट' हे साप्ताहिक सुरू केले आणि ते जर्मन भाषेतील सर्वांत महत्त्वाच्या वाङ्मयीन पत्रांपैकी एक झाले. वॉल्टर बेन्यामिन त्याचे नियमित लेखक होते. आयझेनस्टाइन यांच्या 'बॅटलशिप पोटेम्किन'वरील त्यांचे प्रत्युत्तर १९२७मध्ये इथेच आले. छायाचित्रणाच्या इतिहासावरील त्यांचा प्रसिद्ध निबंधही १९३१मध्ये इथेच छापला गेला. १९३३मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू संपादकाचे हे साप्ताहिक हातातून गेले. हास प्रागला परतले. तिथे नवे पत्र काढण्याचा प्रयत्न फार टिकला नाही. मार्च १९३९मध्ये जर्मन फौजा प्रागमध्येही शिरल्या.

त्यांना आसरा मिळाला मुंबईत, दिग्दर्शक मोहन भावनानी यांच्या चित्रपट कंपनीत. भावनानी स्वतः जर्मनीत चित्रपटतंत्र शिकून आलेले. सुलोचना यांच्यासारख्या तारकांना घेऊन त्यांनी मूकपट केले होते. १९३४मध्ये त्यांनी मुन्शी प्रेमचंद यांना मुंबईला बोलावून 'मजदूर' अर्थात 'मिल' हा गिरणी कामगारांवरचा चित्रपट लिहून घेतला. कामगारांना चिथावणी मिळेल, या भीतीने मुंबईत त्याला परवानगी नाकारली गेली. प्रेमचंद वर्षभरातच निराश होऊन परत गेले. म्हणजे ज्या दारातून हिंदीतला सर्वांत मोठा कथाकार बाहेर पडला, त्याच दारातून काही वर्षांनी बर्लिनचा हा लेखक आत आला.

हिंदी न येणारा माणूस हिंदी चित्रपट कसा लिहिणार, हा प्रश्न साहजिक आहे. पण मुंबईत तेव्हा ही अडचण अनोखी नव्हती. 'बॉम्बे टॉकीज'मध्ये 'अछूत कन्या'ची कथा निरंजन पाल यांची, संवाद जे. एस. कश्यप यांचे. कथा-पटकथा एकाची आणि संवाद दुसऱ्याचे ही विभागणी हिंदी चित्रपटसृष्टीने पुढेही जपली. दृश्यांतून गोष्ट सांगण्याची सवय असलेल्या मूकपटाच्या लेखकाला या व्यवस्थेत जागा होती. त्याच काळात, १९४०मध्ये, भावनानींच्याच 'प्रेमनगर'मधून नौशाद स्वतंत्र संगीतकार म्हणून पुढे आले. भावनानींच्या स्नेह्यांमध्ये बोहेमियातून आलेले आणखी एक ज्यू निर्वासित होते. आकाशवाणीची संकेतधून रचणारे संगीतकार वॉल्टर कॉफमन.

मुंबईच्या चित्रपट इतिहासात 'जर्मन' म्हटले की दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन आणि छायालेखक योसेफ विर्शिंग ही 'बॉम्बे टॉकीज'ची नावे येतात. ओस्टेन नाझी पक्षाचे सदस्य होते. १९३९मध्ये युद्ध सुरू होताच शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून या दोघांना स्थानबद्ध करण्यात आले. नाझी पक्षाचा सदस्य आणि नाझींपासून पळालेला लेखक एकाच वर्षी एकाच शहराच्या स्टुडिओंत होते, ही मुंबईच्या इतिहासातली विलक्षण नोंद आहे. त्यातले दिग्दर्शकाचे नाव सर्वांना माहीत आहे, लेखकाचे जवळजवळ कोणालाच नाही.

कात्री स्वतःच्या हातात आल्यावर काय झाले?

या कारकिर्दीतला सर्वांत अवघड भाग इथे सुरू होतो. युद्धकाळात हास यांनी ब्रिटिश-भारतीय लष्करासाठी पत्रे तपासणाऱ्या सेन्सॉरचे काम केले. ज्याचा चित्रपट देशोदेशीच्या सेन्सॉरने कापला, तोच आता इतरांची पत्रे वाचून त्यांवर निर्णय देत होता. युद्धात ते काम कोणीतरी करणारच होते आणि हिटलरचा पराभव व्हावा, असे वाटण्याचे हास यांच्याइतके सबळ कारण फार थोड्यांकडे असेल. त्यासाठी त्यांना दोष देता येणार नाही.

दुसरा प्रसंग मात्र युद्धानंतरचा आहे. काफ्का यांनी चेक पत्रकार मिलेना येसेन्स्का यांना लिहिलेली पत्रे मिलेना यांनी १९३९मध्ये हास यांच्या स्वाधीन केली होती. मिलेना यांचा १९४४मध्ये राव्हेन्सब्रुक छळछावणीत मृत्यू झाला. पत्रे युद्धातून वाचली आणि १९५२मध्ये हास यांच्या संपादनाखाली प्रकाशित झाली. काफ्का यांच्या वाचकांवर त्यांचे हे मोठे ऋण आहे. पण या आवृत्तीत हास यांनी मजकूर गाळला होता. हयात व्यक्तींना त्रास होऊ नये, हे कारण होते आणि गाळलेल्या मजकुरात खुद्द हास यांच्याशी संबंधित भागही होता. तीस वर्षे जगाने ही पत्रे अपुरीच वाचली. १९८३च्या नव्या जर्मन आवृत्तीत बहुतांश गाळलेला मजकूर परत आला.

तो परत येऊ शकला, कारण मूळ पत्रे टिकली होती. हास यांनी छापताना कात्री चालवली, पण मूळ कागद नष्ट केले नाहीत. इथेच त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचा धडा आहे. काटछाट कधी सरकार करते, कधी वितरक, कधी बाजार, तर कधी अत्यंत सज्जन आणि जाणता संपादकही करतो. प्रत्येकाकडे त्या क्षणी पटण्यासारखे कारण असते. त्या कारणावर वाद घालता येतो. मूळ प्रतच गेली, तर वाद घालायलाही काही उरत नाही.

भारतात मूळ प्रत कोण जपते?

हास १९४७मध्ये युरोपात परतले. १९४८पासून हॅम्बुर्गच्या 'डी वेल्ट' या दैनिकात ते समीक्षक म्हणून लिहू लागले. 'कॅलिबान' या टोपणनावाने त्यांनी स्तंभलेखन केले. ४ सप्टेंबर १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या साप्ताहिकाचे नाव या दैनिकाच्या पुरवणीने पुन्हा धारण केले. त्यांच्या स्मरणार्थ १९९९पासून साहित्य पुरस्कारही दिला जातो. जर्मनीने त्यांची परीक्षणे संग्रहित केली आणि त्यांचा चित्रपट जोडून काढला. मुंबईने त्यांच्या इथल्या वर्षांसाठी यातले काहीच केले नाही.

हा प्रश्न एकट्या हास यांचा नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट तयार झाले असे मानले जाते. त्यांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आज धडपणे पाहता येतात. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४मध्ये, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'नंतर अर्धशतक उलटल्यावर. पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जे डबे गोळा केले, त्यावर आपली चित्रपटस्मृती उभी आहे. भावनानी ज्या फिल्म्स डिव्हिजनचे पहिले प्रमुख निर्माते झाले ती संस्था आणि हे संग्रहालय, दोन्ही २०२२मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्याचा निर्णय अमलात आला. फिल्म जपण्याची व्यवस्था निदान आहे. पटकथा, संवादवह्या, पाट्यांच्या याद्या आणि वृत्तपत्रांतील जुनी परीक्षणे यांच्या वाट्याला मात्र बहुधा रद्दी आणि वाळवीच येते.

कायद्याने काय साधते?

भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा 'कर्ता' निर्माता असतो. दिग्दर्शकाला ते स्थान नाही. पटकथाकार हा त्याने लिहिलेल्या साहित्यकृतीचा कर्ता मानला जातो. कलम ५७नुसार कर्त्याला आपले नाव लावून घेण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विकृतीला विरोध करण्याचा हक्क आहे. २०१२च्या दुरुस्तीने लेखकांच्या मानधन-हक्कांना बळ दिले. पण निर्मात्यानेच शेवट बदलला, तर दिग्दर्शकाचे हात बऱ्याच अंशी बांधलेले राहतात.

हक्क कोणाचा, हा वाद न्यायालयांत चालेल तेव्हा चालेल. त्याची वाट न पाहता काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. प्रदर्शित झालेल्या प्रत्येक चित्रपटाची मूळ प्रत आणि पटकथा संग्रहालयात जमा करणे बंधनकारक असावे. बदललेली आवृत्ती दाखवताना काय बदलले, कोणी बदलले आणि कधी, हे पडद्यावर स्पष्ट लिहावे. सेन्सॉरने सुचवलेल्या कपातींची यादी नागरिकांना सहज पाहता यावी. स्ट्रीमिंग मंचांनी जुनी आवृत्ती गुपचूप बदलू नये. सॉफ्टवेअर लिहिणारा कोणताही संघ जुनी आवृत्ती आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो. ती ठेवली नाही तर काम बिघडते, हे त्याला ठाऊक असते. चित्रपटासाठी एवढी साधी शिस्त पाळणे अशक्य नाही.

यात समीक्षकाचेही काम आहे. किती तारे द्यायचे हे ठरवण्यापलीकडे, पडद्यावर काय होते आणि ते कोणी लिहिले होते, याची नोंद करणे त्याने पुन्हा अंगावर घ्यायला हवे. 'आनंद हरवलेली गल्ली' कुठे किती कापली गेली, हे आज माहीत आहे, कारण तेव्हाच्या कोणीतरी ते लिहून ठेवले. 'रांझणा'चा नायक मुळात मेला होता, हे पन्नास वर्षांनी सांगणारा कागदही आजच कोणीतरी लिहून ठेवावा लागेल.